पयले आपल्याकडून नाई

भारतानं अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही का केली नाही? हा प्रश्न मी जन्मभर पोरापोरींना विचारत आले. भंडारा जिल्ह्यात अड्याळकडच्या एका शाळेत नागरिकशास्त्राच्या बाई म्हणून माझी बहुतेक नोकरी झाली, आणि त्या अख्ख्या पुस्तकात माझा आवडता विषय हाच. फळ्यावर एका बाजूला लिहायचं, 'ज्यांच्याकडे बॉम्ब आहे'. दुसऱ्या बाजूला, 'ज्यांच्याकडे नाही'. मध्ये खडू मोडेपर्यंत रेघ ओढायची आणि टेबलावर हात आपटायचा, "ज्यांनी आधी करून ठेवला त्यांनी ठेवावा, बाकीच्यांनी करूच नये, हा कुठला न्याय?" मागच्या बाकावरचे डुलक्या घेणारेही दचकून जागे व्हायचे. आपला देश म्हणतो, सोडायचा तर सगळ्यांनी सोडा. तोवर आम्ही सही करणार नाही, पण पहिला वापरही आम्ही करणार नाही. हे सांगताना माझा ऊर भरून यायचा. आता बोला, अशी ऊर भरून येणारी बाई एक दिवस त्या रेघेच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसली, तेही आपल्याच अंगणात.

सुरुवात नातीपासून झाली. लेक नागपूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती उन्हाळ्यातच आली आणि ऐन धानाच्या रोवणीच्या चिखलात आम्हाला नात झाली. मी तेव्हाच मनात धरलं की पोरीचं उष्टावण इथंच करायचं, आपल्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, नव्या तांदळाच्या भातानं. आमच्या घरात पहिला घास आपल्या धानाचाच देतात. माझ्या लेकीच्या वेळी मी बदलीच्या गावी होते, रस्ते पुरानं बंद होते, आणि दुकानातल्या तांदळावर भागवावं लागलं. ते मला इतकी वर्षं सलत होतं. आता नात सहा महिन्यांची होईल तेव्हा धान कापून, मळून घरात आलेलं असणार होतं. देवानंच पंचांग बघून पोरगी धाडली होती. तेवढे महिने लेक आणि नात या घरात राहिल्या पाहिजेत, बस्स, दुसरं मला काही नको होतं.

आणि मग माकडं आली बाप्पा.

आमचं घर खरं तर एकच. सासरे गेल्यावर हिस्से पडले तेव्हा मधोमध भिंत आली. अंगणातही छातीइतकी उंच भिंत घातली. छप्पर मात्र सलग राहिलं, कारण छपराचं आढं कोण कापणार? भिंतीच्या इकडे आम्ही, तिकडे माझा धाकटा दीर आणि जाऊ. जाऊ दहावीला माझ्याच हाताखाली शिकली, म्हणून ती मला अजून 'बाई'च म्हणते. त्यातून आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही. आमचे हे हातभर अंतरावर बसलेले असले तरी ती मला सांगणार, "बाई, भासऱ्याईले सांगा चहा झाला." मी सांगायचं, "चहा झाला." हे म्हणणार, "आयकलं."

माकडांना हिस्से माहीत नाहीत. काळ्या तोंडाची, लांब शेपटाची ती झुंड आढ्यावरून अशी चालायची की छपरावरची कवेलू, म्हणजे कौलं, पापडासारखी फुटायची. घरामागच्या सांदवाडीतली वांगी गेली, दोडके गेले, पपईची तर फुलंसुद्धा ठेवली नाहीत. मारुतीचं रूप म्हणून दगड मारायचा नाही, आणि 'हाट् हाट्' म्हटलं तर ती तोंडाकडे बघत बसायची.

मग आमच्या ह्यांनी अड्याळच्या बाजारातून नळी आणली. प्लास्टिकच्या पाईपाचे जाड-बारीक तुकडे जोडलेली माकडं हाकलायची बंदूक. आत कार्बाइडचा खडा, वर पाण्याचे थेंब, मागं गॅसचा लायटर. टिचकी मारली की असा आवाज निघतो की छातीतलं काळीज गळ्याशी येतं. लेक ओरडली, "बाबा, डोळे जातात त्यानं!" ह्यांनी माझा जुना चष्मा नाकावर चढवला आणि वाजवली. झुंड आढं ओलांडून पलीकडे पळाली.

पलीकडे म्हणजे दिराच्या छपरावर.

दीर भिंतीशी आला. "भाऊ, तुमची माकडं माह्याकडं काहून धाडून राहिले?"

"माही कायची?" हे म्हणाले. "त्याईच्यावर नाव लिवलं हाय का माहं?"

दुसऱ्या बाजाराला दिरानं नळी आणली, आमच्यापेक्षा जाड. त्यानं वाजवली की झुंड आमच्याकडे. आम्ही वाजवली की झुंड तिकडे. मग हे कोंढा गावच्या एका दोस्ताकडून आणखी जाड पाईप घेऊन आले. दिरानं आपली नळी सायकलच्या कॅरिअरला बांधली, म्हणजे अंगणातून सांदवाडीत नि सांदवाडीतून अंगणात पळवता येईल. ह्यांचा चेहरा उतरला. "आता त याची फिरती झाली," म्हणाले आणि जेवले नाहीत. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ना? आमच्याकडे माकडं सोडून सगळ्यांच्या हाती कोलीत होतं.

शनिवारी मात्र दोन्हीकडे शांतता. मारुतीचा वार, त्या दिवशी माकडावर आवाज करायचा नाही, हे कोणी कोणाला न सांगता दोन्ही घरांनी पाळलं. माकडांना हे कळायला वेळ लागला नाही. शनिवारी शेजारच्या वाडीतलीही झुंड आमच्याकडे मुक्कामाला यायला लागली.

या सगळ्यात नात. सुरुवातीला प्रत्येक आवाजाला पोर पाळण्यात दोन्ही हात वर फेकायची, लालबुंद व्हायची आणि टाहो फोडायची. लेक तिला छातीशी धरून आतल्या खोलीत फिरायची. एक दिवस ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, हे बंद झालं नाही तर मी नागपूरला जाते. उष्टावण तिकडेच करू. तांदूळ तिकडेही मिळतो."

तांदूळ तिकडेही मिळतो! धान अजून निसवत होतं, लोंब्या भरायच्या होत्या, आणि ही पिशवी भरायच्या गोष्टी करून राहिली होती. मी ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "ते खेळणं बंद करता, का नात घालवता?"

"मी बंद करतो," हे म्हणाले, "लहान्यानं त्याची नळी माह्याकडं आणून देल्ली का."

"अन् तुमची?"

"माही माह्याकडं राहीन. मी मोठा हाव. मी काही उगाच वाजवतो का?"

मला ते त्या घटकेला अगदी पटलं. खोटं कशाला सांगू? मला नात पाहिजे होती, न्याय नको होता. मी भिंतीशी गेले आणि जावेला हाक मारली. तिला म्हटलं, तुमची नळी आमच्याकडे जमा करा, आमची आमच्याजवळ राहील. मोठं घर आहे, जबाबदारीनं वापरू.

जाऊ शेणाचे हात तसेच धरून उभी होती. दहावीत ही पोरगी माझ्या तासाला तोंड उघडायची नाही. आता म्हणाली, "बाई, हा कुठला न्याय?"

"म्हणजे?"

"तुम्हीच त शिकवलं. ज्याईनं आधी आनली त्याईनं ठेवाव, अन् बाकीच्याईनं सोडाव. आपल्या देशानं सही नाई केली त्याच्यावर. मंग आम्ही काहून करू?" असं म्हणून तिनं शेणाचा हात भिंतीवर आपटला. अगदी माझ्यासारखा. भिंतीवर पाच बोटं उमटली.

मला रागही आला आणि हसूही आलं. जन्मभर वाट बघितली होती की कोणीतरी हे उत्तर पुस्तकाबाहेर देईल. पण कार्टीनं द्यायला माझंच अंगण शोधावं?

मग रीतसर बैठक बसवली. भिंतीच्या इकडे पोत्यावर हे आणि मी, तिकडे खाटेवर दीर, आणि त्याच्या मागं दाराआड जाऊ. सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येत होतं. तरी प्रत्येक गोष्ट माझ्यातून जायची.

"बाई, भासऱ्याईले विचारा, घरात कार्बाइड किती हाय?"

"घरात कार्बाइड किती आहे?"

"तिले सांग, थोडंसंच हाय. दिवाळीपुरतं."

"दिवाळीपुरतं आहे म्हणतात."

"खोटं हाय, बाई. मी सोता पाहिलं, लोणच्याच्या बरणीत हाय."

ह्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी दारातून आतल्या बरणीकडे पाहिलं. माझी आंब्याच्या लोणच्याची मोठी बरणी! त्या वर्षी 'लोणचं लवकर संपलं' असं मला सांगण्यात आलं होतं. मी तिथल्या तिथे बैठक थांबवून ह्यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि मग पुढं चालू केली.

दिरानं मागणी केली की त्याला केव्हाही येऊन आमच्या स्वयंपाकघरात बघता आलं पाहिजे. हे म्हणाले, मग मीही तुझ्या देवघरात बघणार. दीर म्हणाला, देवघराचा काय संबंध? हे म्हणाले, तू लहानपणापासून सगळं देवामागंच लपवतोस, विड्यासुद्धा. दीर लाल झाला. जाऊ दाराआडून म्हणाली, "बाई, भासऱ्याईले विचारा, कोन्या विड्या?"

त्या दिवशी बैठक तिथंच मोडली.

पण लेकीची पिशवी खुंटीवर टांगलेली होती आणि मला ती येता-जाता दिसत होती. मी हट्ट सोडला नाही. पुन्हा बसवलं, पुन्हा मोडलं. नळ्या फोडायला कोणी तयार नाही, कारण दुसऱ्यानं दुसरी कुठं लपवली नसेल कशावरून? शेवटी मी दोघांनाही वर्गातल्यासारखं गप्प केलं आणि म्हटलं, "नळी ज्याची त्याच्याजवळ राहू द्या. फक्त एक शब्द द्या. पहिले आपल्याकडून नाही. समोरच्यानं वाजवली तरच वाजवायची."

दोघं विचार करू लागले. हे म्हणाले, "हे बरं हाय. इज्जत बी राहते." दीर म्हणाला, "अन् नळी बी राहते."

सही मात्र कोणी केली नाही. दीर म्हणाला, सही म्हणजे अविश्वास. हे म्हणाले, सही म्हणजे मी खाली आलो. तेव्हा भिंतीवर नारळ फोडला, अर्धा इकडे पडला, अर्धा तिकडे, आणि झालं. आपल्या देशाचंही असंच आहे, सही नाही पण शब्द आहे, असं मी मनाला सांगितलं. त्या दिवशी मला जरा गर्वच झाला. जे मोठमोठ्या देशांच्या लोकांना गोल टेबलाभोवती बसून जमत नाही, ते मी पोत्यावर बसून जमवलं होतं. लेकीनं पिशवी खुंटीवरून काढून पेटीत ठेवली.

आणि मग सुरू झाली शांतता.

माकडं आढ्यावर आली. हे नळी भरून, चष्मा लावून अंगणात बसले. भिंतीपलीकडे दीर सायकल स्टँडवर लावून बसला. माकडांनी खाली दोघांकडे पाहिलं. कोणी वाजवेना.

"अहो, वाजवा ना!" मी म्हटलं.

"लहान्यानं वाजवली का मी वाजवतो."

पलीकडून दीर म्हणाला, "वयनी, भाऊनं वाजवू दे, मंग पाहा माही."

बाई गं! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढ्या बैठका घेतल्या, बरणी उघडली, विड्या निघाल्या, पण करारात माकडांचं नावच नव्हतं. नळ्या आणल्या होत्या माकडांसाठी, हे आम्ही सगळेच विसरून गेलो होतो. दोघा भावांचा करार, तिसऱ्याचं राज्य. माकडं अंगणात उतरली. एकीनं दोरीवरून नातीचं झबलं ओढलं, ते डोक्यावर घेतलं आणि बरोबर आढ्याच्या मध्यावर, जिथून दोन्ही घरं दिसतात तिथं, बसून ती आम्हाला बघत राहिली. खाली दोन भाऊ भरलेल्या नळ्या घेऊन तिच्याकडे बघत राहिले. ह्यांचे डोळे भरून आले होते. झबलं ह्यांनीच आणलेलं होतं.

पण खरी पंचाईत पुढेच होती. नात झोपेना. शांतता झाल्यापासून पोर दुपारभर टक्क उघड्या डोळ्यांनी पडायची, मान इकडून तिकडे करायची, आणि मग अशी रडायची की ओठ निळे पडायचे. दूध नको, पाळणा नको. आम्ही दृष्ट काढली, मारुतीचा अंगारा लावला. लेकीला वेगळीच धास्ती. एवढ्या आवाजांनी पोरीचे कान तर गेले नसतील? तिला भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, कान खणखणीत आहेत. मग झोपत का नाही? ते म्हणाले, घरात काही बदललंय का?

मी आणि लेकीनं एकमेकींकडे पाहिलं. परतताना गाडीत लेक पोरीला थोपटत होती. मग म्हणाली, "आई, तिला आवाजात झोपायची सवय लागली. ती शांततेला घाबरते." आणि थोड्या वेळानं, "मी उद्या जाते. तिकडे निदान गाड्यांचे हॉर्न तरी आहेत."

धान तेव्हा पिवळं पडायला लागलं होतं. मला वाटलं, आता इथंच रस्त्यावर बसून रडावं. आवाज होता म्हणून जात होती, आता आवाज नाही म्हणून जाऊन राहिली! या पोरीला मी राखू तरी कशी?

घरी आल्या आल्या मी भिंतीशी गेले. "एक नळी वाजवायला पाहिजे," मी म्हटलं. "नात झोपण्यापुरती."

दिरानं मान हलवली. "वयनी, नात माही बी हाय. पन पयले आमच्याकडून नाई. नारळ फोडला हाय."

"पयले आमच्याकडूनही नाई," हे म्हणाले.

आत पोर टाहो फोडत होती आणि बाहेर दोन धर्मराज बसले होते. मी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हा दाराआडून जाऊ म्हणाली, "बाई, दोघाईनं एकदमच वाजवली त पयला कोन?"

दोघा भावांनी आपापल्या नळीकडे पाहिलं. मग हे हळूच म्हणाले, "तिले सांग, डोकं चांगलं हाय." हे ह्यांनी लग्नानंतर जावेबद्दल काढलेलं पहिलं चांगलं वाक्य. मी ते भिंतीपलीकडे पोचवलं. जाऊ दाराआड लाजली.

तेव्हापासून शनिवार सोडून रोज दुपारी आमच्याकडे तो सोहळा असायचा. जाऊ दाराआडून "एक, दोन, तीन" म्हणायची आणि दोन्ही नळ्या एकदम वाजायच्या. सुरुवातीला भांडणं झाली. हे म्हणायचे, लहान्या मुद्दाम मागं राहतो, म्हणजे पहिला मी ठरीन. दीर म्हणायचा, भाऊ 'तीन'च्या आधीच लायटर दाबतात. मग दोघांनी भिंतीवर हात ठेवून, एकमेकांच्या बोटांकडे बघत वाजवायला सुरुवात केली. हिश्श्यानंतर इतक्या वर्षांत दोघं इतके जवळ उभे राहिले नव्हते. आवाज झाला की आत नातीच्या पापण्या मिटायच्या. दुसऱ्या आवाजाला तिची मूठ उघडायची. तिसऱ्याला ती घोरत असायची. माकडांचं म्हणाल तर दोन्हीकडून एकदम आवाज आल्यावर त्यांना इकडेही जाता येईना नि तिकडेही. ती मागच्या गल्लीतल्या किराणावाल्याच्या छपरावर गेली. तो बिचारा आम्हाला विचारून गेला, नळी कोणत्या दुकानात मिळते.

धान आलं. कापणी झाली, मळणी झाली, नवा तांदूळ घरात आला. मी ओंजळ भरून नाकाशी धरली आणि मला खरंच रडू आलं. लेक म्हणाली, "झालं ना आता तुझ्या मनासारखं?" मी म्हटलं, घास पोटात जाऊ दे, मग बोल.

उष्टावणाला लेकीच्या सासरची माणसं नागपूरहून येणार होती. त्यांना शनिवारची सुट्टी, म्हणून शनिवार ठरला. भंडाऱ्याअलीकडचं शहापूर आलं म्हणून त्यांचा फोन आला, तेव्हा मी भात उतरवला. नव्या तांदळाचा वास भिंतीपलीकडे गेला आणि जाऊ न बोलावता मदतीला आली. पाहुणे बसले, पाट मांडला, नातीला नवं झबलं घालून ह्यांच्या मांडीवर दिलं. ह्यांनी दूधभाताचा एवढासा घास चांदीच्या चमच्यात घेतला. सगळे श्वास धरून गप्प बसले.

आणि पोरीनं तोंड घट्ट मिटलं.

ह्यांनी ओठाला चमचा लावला, तिनं मान फिरवली. लेकीनं लावला, तिनं मान फिरवली. तिची आजी, म्हणजे माझी विहीणबाई, "घे गं माझी सोनी" करत पुढे सरकली, तर पोर रडायच्या बेताला आली. लेकीचे सासरे म्हणाले, "राहू द्या. घरी नेऊन भरवू, शांतपणे." आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. उष्टावण झालं की ते लेकीला घेऊन जाणार होते. आता उष्टावणावाचूनच नेणार.

मी नातीकडे पाहत होते. ती भाताकडे बघत नव्हती, चमच्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे सांदवाडीच्या दाराकडे लागले होते आणि ती कान देऊन होती. ती कशाची वाट बघून राहिली होती, ते त्या खोलीत सहाच्या सहा पाहुण्यांना कळलं नाही. आम्हाला सगळ्यांना कळलं. हे माझ्याकडे बघू लागले. दीर दारात उभा होता, तो जमिनीकडे बघू लागला. शनिवार. मारुती. नारळ. पयले आपल्याकडून नाई.

मी उठले. पदर खोचला, सांदवाडीत गेले. नळी उंबऱ्याशी भरलेलीच असायची. मी आयुष्यात तिला हात लावला नव्हता. चष्मा घातला, तोंड फिरवलं, "मारुतीराया, माफ कर बाबा" म्हटलं आणि लायटर दाबला.

आवाज झाला. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. तेवढ्यात माझ्या बाजूनं काहीतरी सुसाट गेलं. माझी जाऊ, हातात वाढायचा डाव तसाच धरून, भिंतीवरून उडी मारून गेली. आणि पलीकडून दुसरा आवाज झाला.

"अगं, तू कायले वाजवली?" मी ओरडले.

"तुम्ही पयले वाजवली ना, बाई," ती धापा टाकत म्हणाली. "मंग आमाले वाजवाच लागते. शब्द म्हणजे शब्द."

मी धावत आत आले. नात हसत होती. एवढं मोठं बोळकं उघडून, हातपाय झाडत, खिदळत होती. ह्यांनी त्या उघड्या तोंडात घास अलगद ठेवला. तिनं जीभ फिरवली, भात इकडून तिकडे केला आणि गिळला. आपल्या बांधीतला नवा तांदूळ. लेकीनं माझा हात दाबला. मला हेच तर पाहिजे होतं, महिनोन्‌महिने याचसाठी जीव टांगणीला लावला होता. आणि ते झालं तेव्हा मला आनंदानं रडू आलं, का त्या हसण्याची भीती वाटून, ते अजूनही नीट सांगता येत नाही.

विहीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही कानांवर हात. थोड्या वेळानं त्यांनी हात काढले आणि विचारलं, "ताई, ही तिकडे आल्यावर आम्ही काय करायचं?"

मी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला.

चहापाणी झालं, गाडी दारात लागली. डिक्कीत नव्या तांदळाचं पोतं ठेवलं, पोहे ठेवले, आणि धुवून कोरडी केलेली लोणच्याची बरणी ठेवली. त्यावर ह्यांनी जुन्या धोतरात गुंडाळलेली नळी ठेवली. लेकीनं कपाळाला हात लावला.

"बाबा, आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. तिकडे माकडं नाहीत. शेजाऱ्यांशी कधी भांडण नाही. ही वाजवायची कोणावर?"

"भेटन कोनी ना कोनी," हे म्हणाले. "नळी घरी असली का भेटतेच."

जाऊ भिंतीवरून वाकून लेकीला सांगत होती, "पन पयले आपल्याकडून नाई हं, पोरी." लेक हसली. नात तिच्या कडेवर डोळे मोठे करून, अजून एखादा आवाज येतो का म्हणून ऐकत होती. डिक्की मीच लावली.